गाडी पाणी खाते तेव्हा : आधी प्रेशर टेस्ट की ब्लॉक टेस्ट?

टाकीतील कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी दर आठवड्याला बोटभर खाली जाते, सकाळी थंड इंजिनावर झाकण उघडून गाडी सुरू केली तर तोंडाशी बुडबुडे येताना दिसतात, आणि मेकॅनिककडे गाडी नेली की पहिला शब्द कानावर पडतो तो ‘हेड गॅस्केट’, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर. हेड उतरवणे हे मोठे काम आहे आणि एकदा इंजिन उघडले की मूळ दोष नेमका काय होता, हे सिद्ध करणे पुष्कळदा अशक्य होऊन बसते. म्हणून होकार देण्यापूर्वी कोणती तपासणी करून घ्यायची, हे गाडीच्या मालकाला ठाऊक असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. प्रेशर टेस्ट आणि ब्लॉक टेस्ट या दोन्ही तपासण्यांची नावे सर्रास एकाच दमात घेतली जातात. प्रत्यक्षात पहिली ‘पाणी जाते कुठे’ या प्रश्नाचे उत्तर देते, तर दुसरी ‘वायू येतो कुठून’ या प्रश्नाचे.

या दोन्हींच्या आधी मात्र बुडबुड्यांची साधी कारणे दूर करायला हवीत. कूलंट बदलल्यानंतर किंवा एखादा होज (रबरी नळी) काढून परत बसवल्यानंतर आत हवा अडकते, डॅशबोर्डामागे खळखळ ऐकू येते, हीटरमधून मध्येच थंड वारा येतो आणि तापमानाचा काटा वरखाली होतो. गाडीचे तोंड थोडे उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून आणि एअर काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून ही हवा बाहेर काढता येते. अशी अडकलेली हवा इंजिन दोन-तीन वेळा पूर्ण तापून निवले की संपते, तर सिलिंडरमधून येणारा वायू संपत नाही. दुसरे साधे कारण म्हणजे कमजोर झाकण. निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट यांचे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते, पण झाकणाने सुमारे १ बार दाब धरून ठेवला की तोच बिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेले असेल, तर निरोगी इंजिनातही पाणी उकळू लागते आणि वाफेचे बुडबुडे दिसतात.

प्रेशर टेस्टमध्ये थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप बसवतात, झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरतात (बहुतेक गाड्यांत तो १ बारच्या आसपास असतो) आणि काटा १५ ते २० मिनिटे स्थिर राहतो का, ते पाहतात. इंजिन बंद असल्यामुळे पंखा फिरत नाही, काही तापलेले नसते, आणि बाहेर आलेला थेंब वाळून जाण्यापूर्वी डोळ्यांना दिसतो, हा या तपासणीचा मोठा गुण आहे. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून होणारी गळती, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीची चीर, क्लिपखालचा सैल होज, हीटर कोअर (हीटरसाठी डॅशबोर्डामागे बसवलेला छोटा रेडिएटर) फुटल्याने भिजलेली पायाखालची मॅट, हे सारे ती चोख दाखवते. काटा उतरतो पण बाहेर कुठेच ओल नाही, असे झाले तर दाब रात्रभर तसाच ठेवून सकाळी स्पार्क प्लग काढावेत. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी साचलेले दिसले, तर गळती आत आहे हे निश्चित झाले.

तिची मर्यादा दाबाच्या आकड्यांतच आहे. आपण आतल्या पाण्याला १ बार दाब देतो, पण पूर्ण भारावर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब ५० बारच्या पुढे जातो आणि डिझेलमध्ये तर १०० बारच्याही पुढे. गॅस्केटमधली केसाएवढी वाट ५० बारला वायू पुढे ढकलू देते आणि १ बारच्या पाण्याला मात्र अडवून धरते, त्यामुळे काटा तासभर जागचा हलला नाही तरी गॅस्केट निर्दोष ठरत नाही. शिवाय पंप झाकणाच्या जागी बसत असल्यामुळे खुद्द झाकण, आणि वेगळी टाकी असलेल्या गाड्यांत रेडिएटरपासून टाकीपर्यंतची बारीक नळी, या तपासणीतून सुटतात. माझ्या गाडीत हेच घडले होते. एका ठिकाणी हेड उतरवण्याचा सल्ला मिळाला होता, प्रेशर टेस्टमध्ये काहीच सापडले नव्हते, आणि शेवटी त्या नळीच्या टोकाशी नखाएवढी चीर निघाली. इंजिन निवताना रेडिएटर टाकीतले पाणी परत ओढण्याऐवजी त्या चिरेतून हवा ओढत असे, त्यामुळे टाकी भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा, अशी कोड्यात टाकणारी स्थिती रोज सकाळी असायची.

ब्लॉक टेस्टमध्ये पारदर्शक नळीत निळा द्रव भरून ती रेडिएटरच्या किंवा टाकीच्या तोंडावर घट्ट दाबून धरतात आणि रबरी फुग्याने आतली हवा त्या द्रवातून ओढून घेतात. त्या हवेत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव आम्लधर्मी होतो आणि त्याचा रंग निळ्यावरून हिरवट होत होत पिवळा पडतो. हा बदल जवळून पाहण्यासारखा असतो, कारण दोष स्पष्ट असेल तर फुगा पाच-सहा वेळा दाबेपर्यंतच नळीतली निळाई ओसरू लागते. पण तपासणी करणाऱ्याने तीन गोष्टी पाळायला हव्यात. झाकण थंड असतानाच उघडून इंजिन पुढे तापवावे, कारण तापलेले झाकण उघडणे म्हणजे भाजून घेणे आहे. तोंडापासून काही सेंटिमीटर कूलंट आधी काढून टाकावे, नाहीतर ते फुगून नळीत चढते आणि द्रव निकामी होतो. आणि द्रव जिवंत आहे ना, हे धुराड्याच्या वायूवर आधी पडताळून मग ताजा द्रव वापरावा, कारण शिळा द्रव निळाच राहतो आणि मालकाला खोटा दिलासा देतो.

रंग पिवळा झाला तर उत्तर जवळजवळ पक्के असते. रंग निळाच राहिला तर मात्र घाई करू नये. काही भेगा इंजिन चढावर किंवा भाराखाली असतानाच उघडतात, म्हणून गाडी चांगली पळवून आणून, पुन्हा निवल्यावर झाकण उघडून, इंजिन रेस करत ही तपासणी परत करणे योग्य. शिवाय गॅस्केट सिलिंडरकडे न फाटता ऑइलच्या वाटेकडे किंवा बाहेरच्या कडेला फाटले असेल, तर कूलंटमध्ये वायू शिरतच नाही आणि ही तपासणी काहीच बोलत नाही.

निवड करायची झाल्यास माझे मत असे आहे. पातळी घटते पण बुडबुडे नाहीत, तर प्रेशर टेस्ट आधी. एअर नीट काढूनही बुडबुडे थांबत नाहीत, किंवा रात्रभर निवलेली गाडी सुरू केल्यावर पाणी कोमट होण्याआधीच, मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज हाताला दगडासारखा लागतो, तर ब्लॉक टेस्ट आधी. दोन्ही लक्षणे एकत्र असतील तर गाडी आदल्या रात्रीच ठेवून यावी, कारण प्रेशर टेस्टला इंजिन थंड लागते आणि ब्लॉक टेस्टला गरम, आणि याच क्रमाने दोन्ही एका सकाळी होऊन जातात. चमकणारा रंग कूलंटमध्ये घालून अतिनील दिव्याखाली गळती शोधण्याची पद्धत बाहेरच्या बारीक पाझरासाठी चांगली आहे, पण आतल्या दोषासाठी तिच्यावर विसंबू नये. नुसत्या काँप्रेशन टेस्टवर (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो, ते मोजणाऱ्या तपासणीवर) तर हेड उतरवण्याचा निर्णय मी कधीच घेणार नाही, कारण पाणी खाणाऱ्या कितीतरी इंजिनांत तिचे आकडे सरळ येतात.

ब्लॉक टेस्ट पिवळी आली, तर पुढचा आग्रह लीक-डाउन टेस्टचा धरावा. एकेका सिलिंडरचा पिस्टन वर आणून त्यात काँप्रेसरची हवा भरतात आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे कोणत्या सिलिंडरच्या वेळी येतात, ते पाहतात. त्यामुळे हेड उतरल्यावर भेग नेमकी कुठे शोधायची, हे आधीच कळते. डिझेल गाडीत मात्र त्याही आधी ईजीआर कूलर (धुराड्याकडचा थोडा वायू इंजिनात परत पाठवण्यापूर्वी कूलंटने थंड करणारा भाग) वेगळा करून त्यावर दाब देऊन पाहावा, कारण तो आतून फुटला तर धुराड्याकडचा वायू कूलंटमध्ये शिरतो आणि गॅस्केट शाबूत असतानाही द्रवाचा रंग बदलतो.