संभाव्यता आणि संख्याशास्त्र: विनामूल्य साहित्यातून निवड कशी करावी

संख्याशास्त्र स्वतःहून शिकू पाहणाऱ्याला आज साहित्याचा तुटवडा नाही, पण निवड करताना फसगत होते, कारण एकाच नावाखाली दोन वेगळे विषय शिकवले जातात. संभाव्यतेत नियम ठाऊक आहे असे धरून काय घडेल हे काढायचे असते. संख्याशास्त्रात जे घडले त्याच्या नोंदी हाती असतात आणि नियमाचा अंदाज बांधायचा असतो. आपल्याला यांपैकी काय हवे, हे आधी ठरवावे.

हार्वर्ड विद्यापीठाचा ‘स्टॅटिस्टिक्स ११०’ हा याचा उत्तम नमुना आहे. नावात संख्याशास्त्र असले तरी जो ब्लिट्झस्टाइन यांचा हा अभ्यासक्रम जवळजवळ पूर्णपणे संभाव्यतेचा आहे. परिकल्पना-परीक्षण, म्हणजे नोंदींवरून एखादे गृहीतक टिकते का हे तपासणे, शिकण्यासाठी येणाऱ्याच्या हाती इथे फारसे काही लागणार नाही. मात्र विचार करायला शिकवण्याच्या बाबतीत मला याच्या तोडीचे दुसरे काही दिसत नाही. यात काही सूत्रे बीजगणिताऐवजी गोष्टीने सिद्ध केली जातात. समजा, दहा जणांतून चौघांची समिती निवडून त्यांतील एकाला अध्यक्ष करायचे आहे. आधी समिती निवडली तर २१० प्रकार मिळतात आणि प्रत्येकात अध्यक्षाचे ४ पर्याय असतात. आधी अध्यक्ष निवडला तर १० पर्याय मिळतात आणि उरलेल्या नऊ जणांतून तिघे ८४ प्रकारे निवडता येतात. दोन्हीकडून उत्तर ८४० येते, आणि त्यामागचे सर्वसाधारण सूत्र पाठ न करताही कायमचे पटते. व्याख्यानांच्या चित्रफिती, पाठ्यपुस्तकाची दुसरी आवृत्ती आणि उत्तरांसह भरपूर सराव-उदाहरणे हे सारे विनामूल्य आहे. कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) तयारी मात्र हवी, आणि संयुक्त वितरणांपाशी, म्हणजे दोन राशींचा एकत्र विचार करताना, दुहेरी संकलनही (डबल इंटिग्रेशन) लागते.

दोन्ही विषय एकत्र हवे असतील तर एमआयटीचा १८.०५ हा अभ्यासक्रम अधिक सोयीचा आहे. बेझची पद्धत (आधीचा अंदाज नव्या नोंदींनुसार सुधारत जाणे) आणि पारंपरिक वारंवारतावादी पद्धत (संभाव्यता म्हणजे पुनःपुन्हा केलेल्या प्रयोगांतील वारंवारता असे मानणे) प्रास्ताविक पातळीवर शेजारी-शेजारी मांडणारे अभ्यासक्रम थोडेच असतात, आणि हा त्यांतला एक आहे. चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंच्या फाशांपैकी एक न दाखवता फेकला आणि पडलेला अंक सांगितला, तर तो फासा कोणता असावा, हा प्रश्न इथे तक्त्याच्या रूपात सोडवला जातो: परिकल्पना, तिची आधीची संभाव्यता (पूर्वसंभाव्यता), ती खरी असल्यास मिळालेला अंक पडण्याची शक्यता आणि शेवटी सुधारित संभाव्यता. हा तक्ता मनात पक्का झालेला विद्यार्थी पी-मूल्य (परिकल्पना खरी धरल्यास निदान इतका टोकाचा निकाल मिळण्याची संभाव्यता) म्हणजे ‘परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता’ असा गैरसमज सहसा करून घेत नाही. २०२२च्या आवृत्तीत वाचन-टिपणे, उत्तरांसह प्रश्नसंच आणि ‘आर’ या संगणकीय भाषेतील प्रात्यक्षिके आहेत. भर वाचनावर आहे. व्याख्याने ऐकूनच शिकणाऱ्याने एमआयटीचाच जॉन त्सित्सिक्लिस यांचा संभाव्यतेचा अभ्यासक्रम पाहावा, पण त्याचा कल पुन्हा संभाव्यतेकडेच आहे.

कलनशास्त्र येत नसेल तर वरील अभ्यासक्रम बाजूला ठेवावेत आणि ‘ओपनइंट्रो स्टॅटिस्टिक्स’ हे पुस्तक उघडावे. त्याची सुरुवात फाशांनी न होता विदेने (डेटाने) होते: नमुना कसा घेतला, निरीक्षणात्मक अभ्यासावरून कार्यकारणभाव का सांगता येत नाही, प्रयोगात यादृच्छिक वाटप कशासाठी. सर्वेक्षण, वैद्यक किंवा सामाजिक शास्त्रे हे ज्याचे क्षेत्र आहे, त्याला रोज लागणारे ज्ञान हेच. विषम क्रमांकांच्या उदाहरणांची उत्तरे मागे दिली आहेत. सम क्रमांकांची नाहीत, ही स्वाध्याय करणाऱ्यासाठी उणीवच म्हणावी लागेल.

खान अकॅडमी हे विनामूल्य संकेतस्थळ त्याहून प्राथमिक आहे. मध्य, मध्यक, प्रमाण विचलन यांपासून पुन्हा सुरुवात करायची असेल आणि प्रत्येक उत्तर लगेच तपासून हवे असेल, तर तिथला सराव उपयोगी पडतो. पायऱ्या इतक्या लहान आहेत की शब्दप्रश्न स्वतः उभा करण्याची सवय मात्र तेवढ्याने लागत नाही.

ब्राउन विद्यापीठात तयार झालेले ‘सीइंग थिअरी’ हे संकेतस्थळ अभ्यासक्रमाची जागा घेऊ शकत नाही. तरीही मध्यवर्ती सीमा प्रमेय (नमुना मोठा होत गेला की सरासऱ्यांचे वितरण घंटेच्या आकाराकडे झुकते, हा नियम) वाचून पटत नसेल, तर तिथे नमुन्याचा आकार स्वतः वाढवून सरासऱ्यांचे वितरण घंटेसारखा आकार घेताना पाहावे आणि मग आपल्या मुख्य पुस्तकाकडे परतावे.