पोर्ट एफसीची जर्सी, मिरकरवाड्यात एकच पीस

भाऊ बँकॉकला नोकरीला, सुट्टीच्या दिवशी क्लोंगतोई भागातल्या पॅट स्टेडियमवर, म्हणजे पोर्ट एफसी या फुटबॉल क्लबच्या मैदानावर, तिथल्या फॉरेनर पब्लिकसोबत बोंबलत असतो, गणपतीला येताना माझ्यासाठी त्यांची केशरी-निळी जर्सी घेऊन आला. बंदरावरचा क्लब, 2019 ला थाई एफए कप मारलेला, म्हणजे आमच्या रत्नागिरीत शोभते म्हणा! कापड एकदम हलकं, घाम झटक्यात सुकतो, ऑक्टोबरच्या उकाड्यात भारीच. साइज मात्र तिकडच्या अंगाची, एक्सएल असून पोटावर बसते, आई म्हणते मोदक कमी खा. एक नंबर मोठीच मागवा. खाऱ्या वाऱ्यात वाळून पण रंग तसाच. मागे नाव इकडे एका दुकानात छापलं ती चूक, दोन धुण्यात 'ळ' गेला. जेटीवर बांगडा उतरवणारी पोरं विचारतात, ही गोव्याची टीम काय रे?