लावायचं, लांबवायचं की मोडायचं? सुपरहिरोच्या प्रेयसीचं काय करावं

माझा भाचा कॉमिक काढतोय. नायक ठाण्याचा, नायिका तिथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. तीन अंक लिहून झालेत, पहिल्याची पानं रंगवून तयार आहेत आणि गाडी अडलीय ती नायिकेपाशी. "मामा, हिचं करू काय? लग्न लावलं तर गोष्ट संपली म्हणतील. नाही लावलं तर किती ताणतोस म्हणतील. मारून टाकली तर तूच माझ्याशी बोलणं बंद करशील."

शेवटचं त्यानं बरोबर ओळखलं होतं.

त्याला फोनवर जे अर्धंमुर्धं सांगितलं, ते इथे नीट लिहितो. या पेचात तो एकटाच नाही. अमेरिकेतल्या दोन सगळ्यात मोठ्या कॉमिक्स कंपन्या, सुपरमॅन-बॅटमनवाली डीसी आणि स्पायडरमॅनवाली मार्व्हल, गेली काही दशकं याच प्रश्नाशी झटतायत, आणि दोघींनी आपापल्या परीनं हात पोळून घेतलेत.

आपलं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे ते कळेल. लग्न करायचं की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. मुखवट्यामागे कोण आहे हे तिला कधी कळतं, आणि ते कळल्यावर गोष्ट कशावर चालते, हे आधी ठरवावं लागतं.

घोंगडं भिजत ठेवलं तर: लोइस लेन

सुपरमॅन आणि लोइस लेन एकाच अंकात जन्मले, १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. ती सुपरमॅनवर भाळलेली, शेजारच्या टेबलावरच्या क्लार्क केंटला मात्र हिंग लावून विचारत नाही. त्रिकोण आहे, पण माणसं दोनच. कल्पना इतकी झकास की ती पन्नासेक वर्षं पुरली.

पुरली, पण तिची किंमत लोइसनं मोजली. १९५८ ते १९७४ तिच्या नावाचं वेगळं मासिक निघत होतं. त्याचं नाव 'सुपरमॅन्स गर्ल फ्रेंड, लोइस लेन'. ओळख आधी, नाव नंतर. त्यातल्या ढीगभर गोष्टींचा साचा एकच: क्लार्क हाच सुपरमॅन हे ती सिद्ध करू पाहते, आणि तो काहीतरी युक्ती करून तिला तोंडावर पाडतो. 'डेली प्लॅनेट' या वर्तमानपत्राची अव्वल बातमीदार, शहरातली कुठलीही भानगड उकरून काढणारी बाई, आणि तिला एका चष्म्यापलीकडचा चेहरा ओळखता येऊ नये! गुपित अनंतकाळ टिकवायचं म्हटलं की त्या बाईला मठ्ठ ठरवावं लागतं, आणि त्या पुरुषाला थोडं दुष्ट. वाचकाला सुरुवातीला गंमत वाटते, मग त्याला दोघांचीही कीव यायला लागते.

१९९० मध्ये क्लार्कनं लग्नाचं विचारलं, तिनं हो म्हटलं, आणि १९९१ च्या सुरुवातीला त्यानं गुपित सांगितलं. क्रम बघा: आधी होकार क्लार्कला, मग चष्मा उतरला. म्हणजे तिनं निवडलं ते चष्मेवाल्यालाच. हा एक निर्णय इतका नेमका होता की जुन्या सगळ्या चेष्टेची भरपाई झाली.

पुढची हकीकत मला फार आवडते. लग्नाची तयारी झाली, तेवढ्यात या जोडीवर टीव्ही मालिका येणार असं ठरलं. कंपनी म्हणाली, थांबा, छापील लग्न आणि पडद्यावरचं लग्न बरोबरच लावू. लेखकांच्या हातातलं वर्षभराचं कथानक गेलं. रिकामी जागा भरायला त्यांनी काय करावं? नवरदेवालाच मारलं. नोव्हेंबर १९९२ मधला सुपरमॅनचा तो गाजलेला मृत्यू, ज्याची बातमी जगभर झाली, तो मुळात मुहूर्त पुढे ढकलल्यामुळे झाला. अक्षता पडल्या ऑक्टोबर १९९६ मध्ये, टीव्हीवर आणि कागदावर मागेपुढे.

लग्नानंतर गोष्टी संपल्या का? नाही. लोइसकडे स्वतःचा धंदा होता. बातमी तीच आणते, संकटात तीच शिरते, आणि आता घरी येऊन ती नवऱ्याशी त्याबद्दल भांडूही शकते. २०११ मध्ये कंपनीनं सगळी पाटी पुसून नव्यानं सुरुवात केली, त्यात हे लग्न गेलं. सुपरमॅनची जोडी वंडर वुमनशी जमवली. पाच वर्षंही झाली नसतील, तोवर जुना, लग्न झालेला सुपरमॅन बायको आणि जॉन नावाच्या पोरासकट परत आणावा लागला. ज्या नात्याला नारळ दिला होता त्यालाच पुन्हा हार घालून घरात घेतलं.

मारलं, लग्न लावलं, मग पुसलं: पीटर पार्कर

स्पायडरमॅनकडे सगळे प्रयोग एकाच माणसावर, म्हणजे मुखवट्यामागच्या पीटर पार्करवर झालेत, म्हणून त्याच्यावर जास्त वेळ घालवतो.

ग्वेन स्टेसी १९६५ ची. गोड मुलगी, पीटरवर जीव. पण १९७० मध्ये तिचे वडील एका मारामारीत गेले आणि त्याचा दोष ती स्पायडरमॅनला देऊ लागली. झालं, आता पीटर तिला खरं कधीच सांगू शकत नाही. लेखकांनी स्वतःच्याच हातानं दार बंद करून किल्ली विहिरीत टाकली. खोटं बोलून लग्न करणं किंवा मरण, एवढेच दोन रस्ते उरले. १९७३ मध्ये 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१ व्या अंकात जेरी कॉनवे या विशीतल्या लेखकानं दुसरा धरला. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक तिला पुलावरून फेकतो, पीटरचं जाळं तिला खाली पडता पडता धरतं आणि तिच्या मानेपाशी बारीक अक्षरं येतात: 'स्नॅप'. त्यानं वाचवलं म्हणूनच ती गेली की काय, हा संशय अजून मिटलेला नाही.

हा मृत्यू चांगला लिहिला गेलाय, मान्य. पण लोक त्यातून चुकीचं शिकले. नायकाला रडवायचं तर प्रेयसी मारा, एवढंच उचललं. १९९४ मध्ये ग्रीन लँटर्न नावाच्या सुपरहिरोला घरी आल्यावर मैत्रिणीचं प्रेत फ्रिजमध्ये सापडतं. ती येऊन जेमतेम काही अंक झाले होते. १९९९ मध्ये पुढे कॉमिक्स-लेखिका झालेल्या गेल सिमोन यांनी अशा बळी दिलेल्या स्त्रीपात्रांची यादीच केली, आणि तेव्हापासून या सवयीला त्या फ्रिजचंच नाव पडलंय. ग्वेनच्या मरणात नायकाचा हात गुंतलेला आहे. बाकीच्यांत बहुतेकदा फक्त लेखकाचा.

आता मेरी जेन. हिची ओळख करून देण्याची पद्धत आपल्याकडच्या कुणालाही कळेल: मे काकू पीटरच्या मागे लागलीय, शेजारच्या वॉटसनबाईंच्या नात्यातली मुलगी एकदा बघ तरी. म्हणजे चक्क स्थळ! तो टाळतोय. १९६५ मध्ये ती येते, तेव्हा चेहरा झाडाआड. १९६६ मध्ये शेवटच्या चौकटीत दार उघडतं आणि ही समोर उभी, आत्मविश्वासानं फुललेली. ग्वेन गेल्यानंतरच्या अंकाचा शेवट पाहा. पीटर चिडून तिला जा म्हणतो. ती दारापर्यंत जाते, थांबते, दार आतून लावून घेते. तिचं तोवरचं सगळं उथळपण त्या एका कृतीनं पुसलं जातं.

आणि मग १९८४. ती त्याला सांगते, तू कोण आहेस ते मला केव्हापासून ठाऊक आहे. कबुलीजबाब त्याचा नाही, तिचा. सुपरमॅनच्या बाजूला पन्नास वर्षं जे फिरवत ठेवलं, ते इथे एका वाक्यात उलटलं: मूर्ख ती नव्हती, लपवल्याचा भ्रम त्याचा होता. १९८४ ते १९८७ या तीन वर्षांत ती त्याची मैत्रीण आहे, तिला सगळं माहीत आहे आणि लग्न झालेलं नाही. माझ्या मते या दोघांचा सगळ्यात सकस काळ तोच.

१९८७ चं लग्न मात्र घाईचं. न्यूयॉर्कच्या शी स्टेडियमवर माणसं उभी करून, स्पायडरमॅनचे एक जनक स्टॅन ली यांना भटजी करून सोहळासुद्धा झाला. लग्न वाईट नव्हतं. पुढे काय करायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. लोइसकडे बातमी होती; मेरी जेनला मॉडेलिंग आणि अभिनय दिला, पण त्यातून गोष्टी निघेनात. मग ती खिडकीत उभी राहून वाट बघू लागली. दोष नात्याच्या माथी आला.

२००७ मध्ये कंपनीचे मुख्य संपादक जो क्वेसाडा यांनी लग्न काढूनच टाकलं. घटस्फोटानं नायक वयस्क वाटेल म्हणून जादू वापरली: गोळी लागलेल्या मे काकूचा जीव वाचवण्याच्या बदल्यात मेफिस्टो नावाचा सैतान त्यांचं लग्न मागतो, आणि ते देतात. सकाळी उठले तर झालंच नव्हतं. लेखक स्ट्राझिन्स्की यांनीही या शेवटाबद्दलची नाराजी लपवली नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. वाचकाला राग अविवाहित पीटरचा आला नाही. वीस वर्षं आपण जे वाचलं ते झालंच नाही, असं तोंडावर सांगितल्याचा आला. वर्तमानपत्रातल्या स्पायडरमॅनच्या पट्टीतही २००९ च्या सुरुवातीला त्याला एकटं करून पाहिलं होतं. वाचकांनी एवढी ओरड केली की काही महिन्यांत ते सगळं स्वप्न ठरवून बायको परत आणली!

२०२४ मध्ये मार्व्हलनंच 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मध्ये संसारी, दोन पोरांचा बाप असलेला पीटर आणला. मूळ विश्व नाही, शेजारचं, म्हणजे त्याच पात्रांची समांतर गोष्ट. पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. शेजारच्या विश्वात लग्न लावण्याची ही पळवाट जुनीच. बॅटमन आणि कॅटवूमनचा संसार, त्यांच्या मुलीसकट, सत्तरच्या दशकातच अशा दुसऱ्या पृथ्वीवर दाखवून झाला होता. पोट भरतं यानं, पण जेवण शेजारच्याच घरचं.

बॅटमनचा विषय निघालाच आहे तर एवढंच: जुलै २०१८ च्या पन्नासाव्या अंकात लग्न होणार म्हणून वर्षभर वाजवलं, अंक दुकानात येण्याआधीच न्यूयॉर्क टाइम्सनं शेवट फोडला, आणि शेवट असा की सेलिना, म्हणजे कॅटवूमन, आलीच नाही. सुखी झाला तर तो बॅटमन उरणार नाही, म्हणून. कारण पटतं. पण पत्रिका छापून, मांडव घालून मग सांगायचं असतं का ते?

ज्यांना त्रास झाला नाही

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना वेताळ आठवेल, म्हणजेच फँटम. ली फॉकनं तो १९३६ मध्ये सुरू केला. डायना पामरशी लग्न लागलं १९७७ मध्ये, दोन वर्षांनी जुळी मुलं. एवढा मोठा बदल, आणि गोष्ट हलली नाही. का? न मरणारा वेताळ ही दंतकथाच मुळी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या मुखवट्यावर उभी आहे. हा एकविसावा आहे, बाविसावा हवाच. डायना नसेल तर दंतकथा तिथेच संपते. शिवाय त्याचा उघडा चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही, तिला दिसतो. वाचकापेक्षा तिला जास्त माहीत आहे, आणि तिचा मान त्यातच आहे.

हिंदीतल्या राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव आणखी वेगळा. त्याला मुखवटाच नाही, तो कोण हे सगळ्या राजनगरला माहीत. गुपितं त्याच्या भोवतीच्या बायकांकडे: बहीण श्वेता हीच चंडिका, आणि रिचा हीच ब्लॅक कॅट. नताशाचं तर दुखणं निराळंच. ती ध्रुवच्या कट्टर शत्रूची, ग्रँड मास्टर रोबोची मुलगी. इथे तणावाला लग्नाची गरजही नाही आणि भीतीही नाही.

तिसरं उदाहरण रॉबर्ट कर्कमन यांच्या 'इन्व्हिन्सिबल'चं, २००३ ते २०१८, १४४ अंक. नायक मार्कची पहिली मैत्रीण अँबर मरत नाही, तिच्यावर सूड उगवला जात नाही. तो सदानकदा गायब असतो, म्हणून ते वेगळे होतात. बस. मग ईव्ह, मग मुलगी, आणि मग कॉमिक संपतं. पात्र लेखकाच्या मालकीचं असलं की हे जमतं, कारण त्याला अजून ऐंशी वर्षं तरुण ठेवायचं ओझं नसतं.

मग तुम्ही काय करावं

पात्र तुमचं आहे आणि शेवट तुमच्या हातात आहे, तर मोठ्या कंपन्यांची भीती उसनी घेऊ नका. त्यांना पीटर विकायचाय, अजून पन्नास वर्षं. तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय. लग्न लावा किंवा नका लावू, पण गुपित लवकर फोडा. त्यानं तिला अक्कल परत मिळते. मालिका अखंड चालवायची असेल तर लग्न उशिरा, आणि त्याआधी तिला असं काम द्या की ज्यातून स्वतंत्र अंक निघू शकेल. असं काम सुचत नसेल तर ती अजून पात्रच झालेली नाही, लग्नानं ती होणार नाही. मारायचीच असेल तर तिच्याशिवाय पुढचे दहा अंक आधी लिहून बघा. ते जर तिच्या आठवणीत झुरण्यापलीकडे जात नसतील तर हात आवरा. आणि एकदा छापलेलं पुसू नका, कुठल्याही सैतानाच्या नावानं.

भाच्याला मी शेवटी एवढंच विचारलं की तुझा हिरो जखमी होतो तेव्हा रक्त कुठे तपासायला देतो. तो गप्प झाला. मग म्हणाला, "अरे हो की, नमुना तर तिच्याच टेबलावर येणार." आता चौथ्या अंकाचं पहिलं पान ठरलंय: रात्रीची पाळी, मायक्रोस्कोप, आणि तिच्यासमोर एक रिपोर्ट, ज्यावर नाव खोटं आहे आणि अक्षर ओळखीचं.