जिनिंगच्या आयटी सपोर्टसाठी बाहेरची कंपनी : एका पूर्ण सीझनचा अनुभव

गावाकडच्या धंद्याला आयटी सपोर्ट कंपनी निवडायची असेल तर संगणकामागे महिन्याला किती घेते हे सगळ्यात शेवटी विचारा. आपलं काम नेमकं कुठे अडतं हे तिला उमगलंय का, ते आधी बघा. आमचं जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात आहे आणि आमचं काम अडतं काट्यावर, म्हणजे भरलेल्या गाड्यांचं वजन होतं तिथे. ऑफिसातला एखादा संगणक दिवसभर बंद राहिला तर दिवाणजी कुरकुर करतील, पण निभून जाईल. काटा अर्धा तास थांबला तर कापसाच्या गाड्यांची रांग फाटकातून डांबरी रस्त्यावर जाते. शेतकरी पहाटे गाडी भरून निघालेला असतो, ट्रॅक्टर बहुधा भाड्याचा असतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव होता आणि सीसीआय या सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीसाठी लोक ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून येत होते. ठरल्या दिवशी आलेल्या माणसाला ‘संगणक बंद आहे, उद्या या’ म्हणणं मला पटत नाही.

दसऱ्याच्या सुमारास आम्ही हे काम यवतमाळच्या एका छोट्या फर्मला करारानं दिलं. होळीपर्यंतचा पूर्ण सीझन त्यांच्यासोबत काढला. पुढे तक्रारीही लिहिल्या आहेत, म्हणून नाव देत नाही.

निवडीच्या वेळी तिघांना बोलावलं होतं. एक तालुक्यातला दुकानदार. हाताला गुण आहे, पण एकटा. लग्नाला गेला किंवा आजारी पडला की मागे कोणी नाही. दुसरी नागपूरची कंपनी. चोवीस तास हेल्पडेस्क, तिकीट नंबर, छान छापलेला प्रस्ताव. त्यांचे लोक ऑफिसात बसून संगणक मोजून गेले, काट्याच्या केबिनकडे फिरकले नाहीत. शिवाय नागपूरहून माणूस निघाला तर इथे पोचायला दोन-अडीच तास. तिसरी ही यवतमाळची फर्म. त्यांचा माणूस आल्या आल्या केबिन बघायला गेला. काटा रात्री चालतो का, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, जिनची मोटर सुरू होताना केबिनमधला दिवा मिचकावतो का, असं विचारत बसला. वजनाचा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरला त्यानं हात लावला नाही. म्हणाला, “याच्यावर वजनमापवाल्यांचं सील हाये जी. हे आमच्या कामात येत नाही. मांगून केबल निघते तिथून पुढचं सारं आमचं.” कामाची हद्द न विचारता सांगणारा माणूस मला भरवशाचा वाटला. त्यांच्याकडे काम करणारा एक पोरगा राळेगावातच राहतो, हे दुसरं कारण. खरं सांगायचं तर तेच मोठं कारण.

करारात दोन वेळा वेगवेगळ्या लिहून घेतल्या. फोन किती वेळात उचलणार ही एक, आणि काम पुन्हा किती वेळात सुरू करून देणार ही दुसरी. बऱ्याच कंपन्या पहिलीचीच हमी देतात. आम्ही काट्यासाठी दुसरी मागितली: सीझनमध्ये दोन तास, मग पाऊस असो की रविवार. ऑफिसच्या संगणकांना दुसऱ्या दिवशीपर्यंतची मुभा दिली. दरही तसाच ठेवला, ऑक्टोबर ते मार्च पूर्ण आणि बाकीचे महिने निम्मा. नागपूरच्या कंपनीला असा करार मान्य नव्हता. त्यांचा दर बारा महिने सारखाच.

सुरुवातच अवघड काळात झाली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपला आणि त्याच सुमारास कापसाची आवक सुरू झाली. काट्याचा जुना संगणक विंडोज ११ घेण्याच्या लायकीचा नव्हता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. फर्मनं पंखा नसलेला छोटा संगणक सुचवला. जिनिंगमध्ये रुईचे तंतू हवेत तरंगत असतात, ते पंख्यातून आत जाऊन पॉवर सप्लायवर गादीसारखे बसतात. गरम व्हायला आणि जळायला तेवढं पुरतं. पंखाच नसेल तर ती ओढच राहत नाही. ही सूचना मला फार आवडली.

नवा संगणक बसवला आणि वजन येईना. इंडिकेटरवर आकडा दिसतो, स्क्रीनवर शून्य. इंडिकेटरची जुनी सिरियल केबल एका छोट्या कन्व्हर्टरनं यूएसबीला जोडलेली होती. राळेगावच्या पोरानं डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडून दाखवलं. तिथे पिवळं चिन्ह होतं आणि कन्व्हर्टरमधली पीएल-२३०३ जातीची चिप २०१२ पासूनच बंद केली असल्याची ओळ होती. विंडोज ११ त्या जुन्या चिपला चालवून घेत नाही. त्याच्या पिशवीत दुसऱ्या चिपचा कन्व्हर्टर तयार होता. तो लावला, ज्या जोडणीतून वजन आत येतं त्या पोर्टचा नंबर सॉफ्टवेअरमध्ये बदलला आणि वजन आलं. मग त्यानं तो पोर्ट नंबर मार्करनं चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवला. यूएसबी दुसऱ्या खाचेत गेली की नंबर बदलतो आणि वजन पुन्हा गायब होतं, हे काटेवाल्यालाही समजावलं.

कस लागला तो जानेवारीत, संध्याकाळच्या वेळी. आवारात गाड्या भरलेल्या आणि काटेवाल्याचा फोन, “भाऊ, वजनच नाही येऊन राहिलं.” फर्मच्या यवतमाळच्या माणसानं एनीडेस्क या दुरून स्क्रीन बघायच्या सॉफ्टवेअरवरून बघितलं. सॉफ्टवेअर बरोबर होतं, केबलमधून काहीच येत नव्हतं. त्यानं राळेगावच्या पोराला पाठवलं. पोरानं टेबल ओढलं, मोबाइलचा उजेड पाडला, तर भिंतीच्या कोपऱ्यात उंदरानं केबल कुरतडलेली. आतली एक तार तुटलेली, दुसरी उघडी. कराराप्रमाणे जादा केबल केबिनच्या कप्प्यात ठेवलेली होतीच, तीच लावली. गाड्या पुन्हा काट्यावर चढायला लागल्या. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि केबल पीव्हीसी पाइपातून नेऊन दोन्ही तोंडं बंद केली. सांगितलं नव्हतं तरी केलं. नागपूरच्या हेल्पडेस्कवर कितीही हुशार माणूस असता तरी उंदरानं कुरतडलेली केबल त्याला स्क्रीनवर दिसली नसती.

इंटरनेटचा बंदोबस्त थोडक्यात सांगतो. आमच्याकडे रस्त्याचं काम निघालं की जेसीबी फायबर तोडते, हे ठरलेलं. फर्मनं दोन लाइन घेणारा राउटर बसवला. फायबर गेली की सिमकार्डावर आपोआप जातो. ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, नसेल तर गाठींचा ट्रक फाटकाबाहेर जात नाही आणि ५ कोटींच्या वर उलाढाल असली की १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं. त्यामुळे इंटरनेट गेलं म्हणजे ट्रक उभा.

सुरक्षेत त्यांचं काम चांगलं आहे. आधी कोणीतरी आमच्या सीएला घरून टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर बघता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून संगणक चालवायचा, ३३८९ नंबरचा पोर्ट (संगणकात शिरायचं दारच) इंटरनेटला थेट उघडा ठेवला होता. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे चोर असेच पोर्ट शोधत असतात. फर्मनं आल्या आल्या तो बंद केला आणि सीएला व्हीपीएन या खासगी, सुरक्षित वाटेनं जोडून दिलं. हल्ला झालाच तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ६ तासांत कळवावं लागतं. ते कोण करणार हेही करारात घातलं.

बॅकअपबद्दल मात्र मी आग्रहानं लिहितो. बॅकअप घेतो असं प्रत्येक कंपनी सांगते. परत आणून दाखवा म्हणा. आमच्या टॅलीच्या डेटाच्या तीन प्रती असतात: एक ऑफिसातल्या दुसऱ्या संगणकावर, एक मी घरी नेतो त्या हार्ड डिस्कवर, एक रात्री क्लाउडवर जाते. नोव्हेंबरअखेर मी फर्मच्या माणसाला म्हटलं, घरची डिस्क तुमच्या लॅपटॉपवर उघडा. त्यानं उघडली. दिवाणजींनी आदल्या दिवसाची कॅश बुकाची शिल्लक आणि एका व्यापाऱ्याचं खातं दोन्हीकडे ताडून पाहिलं. जुळलं. तेव्हापासून दर महिन्याला हे होतं आणि दिवाणजी वहीत सही करतात.

चाव्या आपल्याच हातात हव्यात. राउटरचा, संगणकांच्या ॲडमिनचा, कॅमेऱ्यांचा असे सगळे पासवर्ड बंद पाकिटात आमच्या तिजोरीत आहेत. बदलले की नवं पाकीट येतं. टॅलीचा सिरियल नंबर आमच्याच ईमेलवर नोंदलेला आहे. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल पोर्टलवर सगळ्यांना ओटीपी लागतो. तो मोबाइल नंबरही आमचाच, फर्मचा नाही. ‘आम्ही सांभाळतो, तुम्ही काळजी करू नका’ असं म्हणणाऱ्याला हे काम देऊ नका. उद्या त्याच्याशी बिनसलं तर आपलंच दार आपल्याला बंद होतं.

आता तक्रारी. महिन्याचा अहवाल इंग्रजीत येतो, दिवाणजींना तो वाचता येत नाही. दोनदा सांगितलं, अजून मराठीत आला नाही. कॅमेरे आणि प्रिंटर करारात नाहीत हे माहीत होतं, पण त्यांच्या दुरुस्तीचं दरपत्रक यायला फार उशीर लागतो. अँटिव्हायरस त्यांच्याकडूनच घ्या असा आग्रह होता आणि बाजारभावापेक्षा दर जास्त होता. मी बाहेरून घेतला, त्यांनी तो मुकाट्यानं बसवून दिला. सगळ्यात गंभीर तक्रार अशी, की राळेगावचा पोरगा परीक्षेसाठी सुटीवर होता तेव्हा त्याच्या जागी यवतमाळहून आलेल्या मुलाला आमच्या आवारातलं काहीच माहीत नव्हतं. पाइप कुठून गेलाय, जादा केबल कुठे आहे, सगळं काटेवाल्यानं दाखवलं. एका माणसावर भिस्त नको म्हणून दुकानदाराला नाही म्हटलं होतं, आणि अडचण तीच उभी राहिली. फर्म मोठी असेल, पण माहिती एकाच्याच डोक्यात असेल तर उपयोग काय?

तरीही करार पुढच्या सीझनसाठी वाढवतोय, तीन नव्या अटींसह. आवाराचा नकाशा, त्यावर केबल, पोर्ट आणि अर्थिंग दाखवलेलं, एक प्रत केबिनमध्ये आणि एक त्यांच्याकडे. राळेगावच्या पोरासोबत दुसरा कोणीतरी दर महिन्याला एकदा आवारात येऊन जाणार. आणि अहवाल मराठीत, नाहीतर त्या महिन्याचं बिल थांबणार. पहिल्या दोन अटी त्यांनी लगेच मान्य केल्या, तिसरीवर बोलणं सुरू आहे. सध्या जिन बंद असल्यानं केबिन रिकामी आहे, म्हणून अर्थिंगचा खड्डा पावसाआधी त्यांच्याकडून तपासून घेतोय.