जेएलएच १९६९ ची नक्कल : आठ महिने वाजवल्यानंतर

आठ महिने झाले. रोज सरासरी तीन तास धरले तरी सातशे तासांच्या वर हा ॲम्प्लिफायर वाजला आहे, तेव्हा आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर शिव्याच घातल्या असत्या, आणि दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसती आरती ओवाळली असती.

जॉन लिन्सले हूड (म्हणजेच जेएलएच) या ब्रिटिश इंजिनिअरने एप्रिल १९६९ च्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एक साधं क्लास ए सर्किट दिलं. एका चॅनेलला ट्रान्झिस्टर फक्त चार, पॉवर दहा वॅट, सप्लाय एकच आणि स्पीकरच्या वाटेवर एक मोठा कपॅसिटर. मासिकात ते आलं ते लोकांनी घरी बनवावं म्हणूनच. त्यामुळे याला 'क्लोन' म्हणताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. एखाद्या महागड्या कंपनीचं डिझाइन चोरून उतरवणं वेगळं, इथे ज्याची कृती त्यानेच ती सगळ्यांच्या हातात दिली आहे. आज जे तयार बोर्ड विकत मिळतात ते सगळे त्याचीच पिलावळ. कोणी दोन रेझिस्टर बदलतो, कोणी सप्लाय वाढवतो आणि वर 'सुधारित' असा शिक्का मारतो. मी घेतलं ते किट होतं : दोन बोर्ड, सगळे सुटे भाग आणि फोटोत भरभक्कम दिसणारे दोन हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता हवेत सोडणारे ॲल्युमिनियमचे ठोकळे. ट्रान्सफॉर्मर आणि डबा आपला आपण बघायचा.

क्लास ए म्हणजे गाणं चालू असो वा नसो, आउटपुट ट्रान्झिस्टरमधून पूर्ण करंट वाहतच राहतो. ८ ओमच्या स्पीकरसाठी मूळ आकडे आहेत २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअर. म्हणजे एका चॅनेलला ३२ वॅट, दोन्ही मिळून ६५. यातले स्पीकरला मिळाले तर जास्तीत जास्त वीस. आणि गंमत अशी की गाणं थांबलं की तेही हीटसिंकमध्येच जातात, म्हणजे हा प्राणी गप्प बसलेला असताना सगळ्यात जास्त तापतो. सर्किटची नक्कल कोणीही करू शकतो हो, चार ट्रान्झिस्टर आणि मूठभर रेझिस्टर. खरा ॲम्प्लिफायर म्हणजे त्याच्या भोवतीचं लोखंड, तांबं आणि ॲल्युमिनियम, आणि किट विकणारा नेमका तिथेच हात आखडता घेतो. हे मला कळायला तीन आठवडे लागले.

पहिल्यांदा चालू करताना शहाणपणा करून सिरीजमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब लावला होता. तोच कामी आला. स्विच दाबला आणि बल्ब लख्ख पेटला, म्हणजे सरळ शॉर्ट. तासभर बोर्डावर शोधत बसलो आणि चूक निघाली भलतीकडेच. या टीओ-३ प्रकारच्या आउटपुट ट्रान्झिस्टरचं धातूचं कवच म्हणजेच त्याचा कलेक्टर (त्याच्या तीन टोकांपैकी एक), आणि वरच्या ट्रान्झिस्टरच्या कवचावर पूर्ण २७ व्होल्ट असतात. ते हीटसिंकला टेकू नये म्हणून मध्ये अभ्रकाची चकती. हीटसिंकच्या एका भोकाच्या काठावर ड्रिलने उठलेली धातूची बारीक बर (धारदार कंगोरा) राहिली होती, केसाएवढी. स्क्रू आवळताना ती अभ्रकातून आरपार गेली. मोठा ड्रिल बिट हातानेच फिरवून सगळ्या भोकांचे काठ साफ केले, बोटाने चाचपले, नव्या चकत्या टाकल्या आणि मग प्रत्येक कवच ते हीटसिंक मल्टिमीटरने तपासलं. कोणी बनवणार असेल तर वीज जोडण्याआधी हे एवढं कराच. आणखी एक : क्लास ए मध्ये बल्ब कधीच पूर्ण विझत नाही, कारण मशीन मुळातच तेवढी वीज ओढतं. म्हणून करंट कमी-जास्त करायचा स्क्रू, म्हणजे ट्रिमपॉट, आधी अगदी कमीवर ठेवा, नाहीतर शॉर्ट नसतानाही घाबरायला होतं.

यानंतर उजवा चॅनेल मुकाट वागला. डावा मात्र हट्टी. थंड असताना १.२ अँपिअरवर लावला, अर्ध्या तासाने बघतो तर १.५ आणि काटा चढतोच आहे. आउटपुटचा मधला बिंदू १३.५ व्होल्टवर हवा, तो ११ वर घसरलेला. या सर्किटमध्ये करंट थोडाफार तापमानाबरोबर सरकतो हे मान्य, पण इतका नाही. दोन दिवस रेझिस्टर तपासण्यात घालवले. शेवटी संशय आउटपुट ट्रान्झिस्टरवर आला. त्यांच्यावर एमजे१५००३ असं छापलेलं होतं. हा खरा असेल तर २५० वॅटचा दांडगा ट्रान्झिस्टर आहे, १६ वॅटला तो हूं की चूं करणार नाही. एकाची टोपी करवतीने कापली. आत सिलिकॉनचा तुकडा तिळाएवढा! माझ्याकडे जुन्या ॲम्प्लिफायरमधला एक मेलेला अस्सल पडून होता, तोही कापून शेजारी ठेवला. त्यातला तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की आजवर कोणाची तक्रार नाही. बरोबर आहे, टोपी कापून बघतो कोण!

अधिकृत वितरकाकडून सहा नग घेतले, त्यांचा गेन (करंट किती पट वाढवतात ते) मोजून त्यातले जवळजवळचे जोडीने लावले. त्या दिवसापासून दोन्ही चॅनेल तासाभरात १.२५ च्या आसपास स्थिरावतात आणि तिथेच राहतात. जाता जाता : आजकालचे फार वेगवान ऑडिओ ट्रान्झिस्टर इथे घालायचा मोह टाळा. हे सर्किट संथ ट्रान्झिस्टरच्या काळातलं आहे, वेगवान घातले की कानाला न कळणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सीवर ते आपोआप कंप पावू (ऑसिलेट होऊ) शकतं आणि कारण न कळता तापत बसतं.

आता हीटसिंक. किटबरोबर आलेले फोटोत विटेएवढे वाटले होते, हातात आले ते साबणाच्या वडीएवढे. खोलीत ३० अंश असताना तासाभराने त्यांच्यावर ६७ मोजले. ३२ वॅटला ३७ अंश वाढ, म्हणजे वॅटमागे १.१५ अंश. ट्रान्झिस्टर यात लगेच मरत नाही, पण हात दोन सेकंदही टिकत नाही आणि आजूबाजूचे कपॅसिटर शिजत राहतात. मी ते काढून वॅटमागे ०.५ अंशाचे लावले, त्यांच्या पात्या उभ्या, खाली-वर मोकळी जागा. आता ४७ च्या वर जात नाही. तळहात आरामात ठेवता येतो, आणि मी तो रोज ठेवतोच, सवयच लागली आहे. पंखा लावून काम भागवता येईल, पण शांततेसाठी एवढा खटाटोप करून शेजारी पंखा फिरवायचा हे मला पटत नाही.

हम, म्हणजे विजेमुळे स्पीकरमधून येणारी सततची घुंईं, हा सगळ्यात चिवट प्रकार निघाला. किटच्या सप्लाय बोर्डावर दोन्ही चॅनेलला मिळून १०,००० मायक्रोफॅरड होते. ५० हर्ट्झच्या विजेवर २.४ अँपिअर सतत ओढले की तेवढ्यावर जवळपास दोन व्होल्टचा १०० हर्ट्झचा रिपल (सप्लायच्या व्होल्टेजमधला चढउतार) उरतो, आणि हे सर्किट सप्लायमधली घाण फारशी गाळत नाही. स्पीकरपासून दोन मीटरवर बसूनही घुंईं ऐकू येत होतं. उपाय म्हणजे कपॅसिटन्स मल्टिप्लायर. एक डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर सप्लायच्या वाटेत उभा करायचा आणि त्याच्या बेसला रेझिस्टर-कपॅसिटरने गाळलेला व्होल्टेज द्यायचा, की त्याच्या पुढे रिपल जवळजवळ जातच नाही. किंमत म्हणून तो तीनेक व्होल्ट खातो आणि सात वॅट जास्तीची उष्णता देतो. माझा २२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर यात तोकडा पडला, २४ व्होल्टचा २०० व्हीएचा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला. पहिला कपाटात पडून आहे. हा हिशेब आधी कागदावर केला असता तर एक ट्रान्सफॉर्मर वाचला असता, यात किटवाल्याचा दोष नाही.

उरलेली बारीक गुणगुण ग्राउंडच्या तारांची होती. सगळ्या एका बिंदूवर आणल्या, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) ते कपॅसिटर ही जोडणी त्या बिंदूपासून वेगळी ठेवली, झालं. कोणी कोणी हम घालवायला डब्याचा अर्थिंगच काढून टाकतात. असलं काही करू नका, धातूचा डबा आहे.

चालू करताना होणारा 'धप्प' हा आउटपुट कपॅसिटर स्पीकरमधून भरतो त्याचा आवाज. मी २२०० ऐवजी ४७०० मायक्रोफॅरड लावल्यावर खर्ज ९ हर्ट्झऐवजी ४ हर्ट्झपर्यंत उतरला, पण धप्पही मोठा झाला. उशिरा जोडणारा रिले लावला, तरी होतोच! कारण रिले उघडा असताना कपॅसिटरचं स्पीकरकडचं टोक अधांतरी लटकतं, भरतच नाही. तिथून ग्राउंडला २२० ओमचा रेझिस्टर दिल्यावर तो रिले जोडायच्या आत भरून मोकळा होतो. याच कपॅसिटरचा फायदाही सांगायला हवा, ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तरी स्पीकरवर डीसी बसून राहत नाही.

आवाजाबद्दल फार फुलवून लिहिणार नाही. रात्री हळू आवाजात एकटा गळा आणि तंबोरा लावला की स्वराची शेवटची शेपटी ऐकू येते, विरत विरत जाते. क्लास एबी या नेहमीच्या, कमी तापणाऱ्या प्रकारात एक ट्रान्झिस्टर सोडतो आणि दुसरा धरतो तिथे जी बारीक गाठ पडू शकते, ती इथे नसते, आणि लहान आवाजात तिचा वाटा मोठा असतो. कारण मला पटतं. पण मुलाला मागे बसवून, जुना एबी ॲम्प्लिफायर आणि हा, दोन्हींचा व्होल्टेज मल्टिमीटरने जुळवून, न बघता ओळखायचा खेळ केला तेव्हा दहापैकी सातच बरोबर आले. नाणं उडवूनही सात येऊ शकतात. मोठा वाद्यवृंद जोरात लावला तर मात्र फरक कोणालाही ओळखता येतो : हा दमतो. ८६ डेसिबलच्या (एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणाऱ्या) माझ्या स्पीकरवर दहा वॅट म्हणजे एक मीटरवर ९६ डेसिबल, की संपलं. ९२ चे स्पीकर असते तर तक्रार केली नसती. ॲम्प्लिफायर व्होल्टेज साधारण तेरा पट करतो, पूर्ण पॉवरला इनपुट ०.६७ व्होल्ट लागतो. डॅकचे (डिजिटल संगीताचं ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्राचे) दोन व्होल्ट त्याला भरपूर, एखाद्या फोनचे जेमतेम.

घरात पहिला प्रश्न हिचा : "हे वाजतं की नुसतं तापतं?" भिंतीच्या मीटरवर ९५ वॅट दिसतात, गाणं असो नसो. तीन तास रोज म्हणजे महिन्याला साडेआठ युनिट. ते एक वेळ चालेल, पण छोट्या बंद खोलीत उकाड्याच्या दिवसांत हा नकोच वाटतो. तेव्हा मी मुकाट्याने जुना एबी लावतो.

पाचव्या महिन्यात उजव्या चॅनेलचा खर्ज फाटल्यासारखा यायला लागला. दोषी निघाला बूटस्ट्रॅपचा (आउटपुटचा सिग्नल सर्किटमध्ये मागे देणारा) २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ८५ अंशांपर्यंत चालणारा, हीटसिंकला जवळजवळ चिकटून बसवलेला. मीटरवर ९० मायक्रोफॅरडच भरला. सुरुवातीच्या त्या ६७ अंशांनी आणि हलक्या मालाने त्याचं काम आधीच केलं असणार. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दहा अंश थंड ठेवला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि बोर्ड आखणाऱ्याने तो नेमका शेगडीशेजारी ठेवला होता. दोन्ही चॅनेलला १०५ अंशांचे लावले, बोर्डाच्या मागच्या बाजूला, हीटसिंकपासून लांब.

तर घ्यावं का? मल्टिमीटर आणि सोल्डरिंग येत असेल, स्पीकर बरे सेन्सिटिव्ह असतील तर जरूर, पण किट नको. नुसते रिकामे बोर्ड घ्या आणि भाग स्वतः निवडा. परवा झाकण उघडून मोजलं की किटमधलं आत काय शिल्लक आहे : दोन बोर्ड, रेझिस्टर आणि चार लहान ट्रान्झिस्टर. साबणाच्या वडीएवढे ते दोन हीटसिंकही वाया गेलेले नाहीत, शेल्फवर पुस्तकं कलंडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना उभे आहेत, आणि त्या कामाला ते पुरेसे जड आहेत.