जुन्या अँपवर नवे सबवूफर: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडीत बसवलेल्या या नव्या सबवूफरच्या, म्हणजे खर्जाच्या स्पीकरच्या, आवाजाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा सगळा त्रागा नेमका कशाबद्दल आहे ते नीट कळेल. तक्रार आहे ती खोक्यावरच्या एका आकड्याबद्दल आणि तो आकडा न वाचता माल विकणाऱ्यांबद्दल. '1200 वॅट मॅक्स' हे शब्द खोक्यावर चार बोटे उंच अक्षरांत छापलेले असतात, आणि त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. 'डी2' की 'डी4', म्हणजे सबवूफरच्या आतल्या दोन कॉइल (पडदा हलवणारी तारेची वेटोळी) प्रत्येकी दोन ओहमच्या की चार ओहमच्या, हे मात्र बाजूच्या चिकटपट्टीवर, बारकोडखाली, चष्मा लावून शोधावे लागते. (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप; तो आकडा जितका कमी, तितका अँपवरचा ताण जास्त.) आणि जुना अँप (अँप्लिफायर) ठेवून नवी जोडी बसवणाऱ्याचे सगळे भवितव्य त्या चिकटपट्टीवर ठरते.

माझ्या डिझायरच्या डिकीत आधी दहा इंची, एकेरी कॉइलच्या, चार ओहमच्या सबवूफरची जोडी बंद लाकडी खोक्यात होती. दोन्ही पॅरलल, म्हणजे समांतर, जोडलेले असल्याने अँपला दोन ओहमचा भार दिसत असे, आणि दोन ओहमवर 500 वॅट, चार ओहमवर 300 वॅट देणारा तो मोनो अँप वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत होता. एका सबवूफरच्या कडेचा फोम दमट हवेने खाल्ला, कोन, म्हणजे पुढचा पडदा, तिरका बसू लागला आणि कॉइल घासून खरखर येऊ लागली. तेच मॉडेल आता बनत नाही, आणि एकाच अँपवर एक जुना व एक वेगळ्या घडणीचा नवा असे दोन सबवूफर जुंपण्यात अर्थ नसतो, कारण दोघांची हालचाल जुळत नाही. म्हणून जोडीच बदलायची ठरवली. अँप मात्र बदलायचा नव्हता. चालती वस्तू केवळ नव्या वस्तूशी जुळत नाही म्हणून भंगारात देणे माझ्या स्वभावात नाही.

आता बाजारात या आकारात बहुतेक माल दुहेरी कॉइलचा मिळतो. दुहेरी कॉइलमुळे जोडणीला मोकळीक मिळते असे सगळे सांगतात, पण ती मोकळीक कोणत्या आकड्यांची, हे कोणी सांगत नाही. दोन 'डी2' घेतले, तर प्रत्येकाच्या दोन कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, जोडून चार ओहम होतात आणि ते दोघे पॅरलल केले की दोन ओहम मिळतात, म्हणजे माझ्या अँपला हवे तेच. दोन 'डी4' घेतले, तर सगळ्या कॉइल वापरून एक, चार किंवा सोळा ओहम मिळतात. दोन ओहम मिळतच नाहीत, कितीही वायरी फिरवल्या तरी. हे गणित आठवीतल्या मुलालाही जमेल. दुकानात मात्र ते कोणी करत नाही.

मी 'डी2'ची मागणी नोंदवली, बिलावर तसे लिहूनही घेतले आणि माल आल्यावर तो बसवायला गाडी दिली. बसवणाऱ्या मुलाने चारही कॉइल सरसकट पॅरलल जोडल्या. हळू आवाजात सगळे झकास वाटत होते. रस्त्यावर आल्यावर आवाज थोडा वर नेला आणि ढोलाचा पहिला भरदार ठेका पडताच अँपचा लाल दिवा लागून आवाज बंद झाला. दिवा गेला, आवाज परत आला, पुन्हा ठेका, पुन्हा बंद. घरी येऊन अँपच्या टोकांवरून वायरी सोडवल्या आणि मल्टिमीटर लावला, तर 0.9 ओहम. एकेक कॉइल सुटी करून मोजली, तर प्रत्येकी 3.4. मीटरवर दिसणारा आकडा छापील आकड्यापेक्षा सहसा थोडा कमी असतो, त्यामुळे 3.4 म्हणजे चार ओहमची कॉइल. 'डी2'ची असती तर पावणेदोनच्या आसपास दिसली असती. म्हणजे माल 'डी4' होता, आणि दोन ओहमच्या खाली उतरू नये असे ज्या अँपवर छापलेले आहे, त्याला एक ओहमच्या भारावर जुंपलेले होते. त्याच्या संरक्षण सर्किटने स्वतःला वाचवले, हे माझे नशीब.

दुकानात पुढे जे झाले ते कोणालाही अंदाजाने सांगता येईल. "साहेब, सगळं एकच असतं, कंपनी तीच आहे ना," असे सुरुवातीला. मग "तुमचा अँपच कमजोर आहे, एक ओहमवाला घेऊन टाका, जुन्याचे हजार कापून देतो," असे. चिकटपट्टीवर बोट ठेवल्यावर 'डी2' मागवून देण्याचे कबूल झाले, पण कधी, ते नाही. तिथल्याच एका कारागिराने तोडगा सुचवला की प्रत्येक सबवूफरची एक कॉइल मोकळी सोडा आणि उरलेल्या दोन पॅरलल करा, दोन ओहम तयार. आकडा खरा आहे आणि अँपही चालेल. पण मग सबवूफरची वीज पेलण्याची ताकद निम्म्यावर येते, कोनवरचा ताबाही ढिला पडतो, आणि दोन कॉइलचे पैसे मोजून एकच वापरणे मला परवडत नाही.

तेव्हा 'डी2' येईपर्यंत म्हणून मी स्वतःच चार ओहमची जोडणी केली. ती दोन प्रकारे होते; मी प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल सिरीजमध्ये जोडून आठ ओहम केले आणि मग दोन्ही सबवूफर पॅरलल केले, कारण या रचनेत उद्या एक सबवूफर पूर्ण बंद पडला तरी दुसरा चालत राहतो. वायर म्हणून घरच्या वायरिंगमधून उरलेली 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक तार वापरली. खोक्यातल्या एवढ्याशा अंतराला ती पुरून उरते. खोके बंद करण्याआधी प्रत्येक सबवूफरच्या टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवून पाहिला. सेलचा धन लाल टोकाला लागला की कोन बोटाला जाणवेल इतका पुढे सरकायला हवा, आणि दोन्ही सबवूफरचे कोन एकाच दिशेला सरकायला हवेत. एकाच सबवूफरच्या दोन कॉइल परस्परविरुद्ध जोडल्या गेल्या, तर कोन जागचा हलत नाही आणि कॉइल मात्र आतल्या आत तापत राहतात. दोन सबवूफर परस्परविरुद्ध जोडले गेले, तर दोघेही जीव तोडून हलतात आणि खर्ज एकमेकांत विरून जातो. हा सेल टेकवायला एक मिनिट लागते. बसवणारे तेवढेही करत नाहीत.

गेनची गोष्ट याहून वाईट आहे. गाडी हातात आली तेव्हा अँपवरची गेनची घुंडी शेवटपर्यंत फिरवलेली होती आणि खर्ज वाढवणारा बास बूस्टही पूर्ण वर होता. गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. हेड युनिटकडून (गाडीतल्या म्युझिक प्लेयरकडून) येणाऱ्या सिग्नलशी अँपची पातळी जुळवण्याची ती सोय आहे. चार ओहमवर 300 वॅट हवे असतील, तर 300 गुणिले 4 म्हणजे 1200, त्याचे वर्गमूळ सुमारे 34.6 व्होल्ट. सबवूफर सोडवून ठेवले, बास बूस्ट शून्यावर आणला, हेड युनिट तीन चतुर्थांश आवाजावर ठेवून 50 हर्ट्झची धून लावली, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवला आणि आकडा 34 च्या जवळ येईपर्यंत गेन वाढवला. घरातली वीजही 50 हर्ट्झचीच असल्याने साधा स्वस्त मीटरसुद्धा इथे विश्वासाने वापरता येतो. खर्जावरचे सूर गाळणारा लो-पास 80 हर्ट्झवर ठेवला आणि नंतर त्याला हात लावला नाही.

इथपर्यंत माझे मत ठाम होते की 500 वॅटऐवजी 300 वॅट म्हणजे दोनशे वॅटचे नुकसान, आणि ते मी दुकानदाराकडून वसूल करणार. त्यानंतर पावसाळाभर पुणे-कोल्हापूर येजा सुरू राहिली आणि मत हळूहळू बदलत गेले. 500 आणि 300 यांतला फरक डेसिबलमध्ये मांडला तर जेमतेम सव्वादोन भरतो, आणि एवढा फरक धावत्या गाडीत, काचेवर पाऊस वाजत असताना, मला तरी कधी जाणवला नाही. पूर्वी खर्जाच्या प्रत्येक ठेक्याला हेडलाइट किंचित मंदावत असत, ते थांबले. अँपवर तळहात ठेवला तर कोमट लागतो, पूर्वी हात ठेवणे नकोसे व्हायचे. पखवाजाची थाप आता तुटक आणि घट्ट ऐकू येते, मात्र त्याचे श्रेय चार ओहमला द्यायचे, नव्या सबवूफरला द्यायचे की गेन नीट लावण्याला, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

खोक्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. जुनेच 18 मिलिमीटर एमडीएफचे खोके वापरले, भोक किंचित वाढवावे लागले, आणि जुन्या स्क्रूची भोके सैल झाल्याने नट-बोल्ट घातले. डिकीच्या झाकणावरची नंबरप्लेट खडखडत होती. तिच्यामागे फोमची पट्टी लावल्यावर आवाजाचा दर्जा जितका सुधारला, तितका सिग्नल नेणाऱ्या महागड्या आरसीए केबलने कधी सुधारला नसता.

केबलवरून आठवले. बॅटरीपासून अँपपर्यंत वीज नेण्यासाठी दुकानाने '4 गेज' (गेज हे तारेच्या जाडीचे माप) म्हणून दिलेले केबलचे किट हा दुसरा चीड आणणारा प्रकार निघाला. वरचे प्लास्टिक अंगठ्याएवढे जाड. सोलल्यावर आतला गाभा बोरूसारखा बारीक. तांबूस तार ब्लेडने खरवडली तर खाली पांढरीफटक, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. कल्हई केलेल्या तांब्याच्या तारेचे याच्या उलट असते, बाहेर पांढरी आणि आत तांबडी, ती चांगली. खऱ्या 4 गेजचा छेद सुमारे 21 चौरस मिलिमीटर असतो, आणि ॲल्युमिनियम तेवढ्याच जाडीत तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहून नेते. 50 हर्ट्झची धून पूर्ण पातळीला सोडून बॅटरीच्या धन टोकापासून अँपच्या धन टोकापर्यंत मोजले, तर 0.4 व्होल्ट वाटेतच जिरत होते. पुण्याच्या तापकीर गल्लीतून तांब्याची 25 चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल मीटरवर मोजून आणली, टोकांना लग (धातूच्या टोप्या) दाबून बसवले, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत 60 अँपिअरचा फ्यूज घातला आणि अर्थची केबलही त्याच जाडीची करून रंग खरवडलेल्या पत्र्यावर आवळली. आता तीच घट 0.1 व्होल्टच्या आत आहे. फ्यूज बॅटरीजवळच हवा, अँपजवळ नव्हे, कारण मधल्या पाच मीटरांत कुठे केबल पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर अँपजवळचा फ्यूज काहीही वाचवू शकत नाही. दुकानाच्या मुलाने तो डिकीत लावला होता.

दिवाळीनंतर दुकानदाराचा फोन आला की 'डी2' आले आहेत, वर सहाशे रुपये द्या आणि बदलून न्या. मी नको म्हणालो. सहाशे रुपयांसाठी नव्हे, तर पुन्हा खोके उघडून सव्वादोन डेसिबल मिळवण्याची मला गरज उरली नाही म्हणून. ज्यांचा अँप एक ओहमला टिकणारा आहे, त्यांनी 'डी4'ची जोडी निःशंक घ्यावी; ज्यांचा माझ्यासारखा दोन ओहमला थांबतो आणि ज्यांना त्यातला शेवटचा वॅट हवा आहे, त्यांनी 'डी2'च घ्यावी आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच मीटर लावून पाहावे.

बिल मात्र बदलून घेतले. जुन्या बिलावर 'डी2' आणि हातात 'डी4' असा मामला राहिला असता, तर उद्या वॉरंटीत तेच कारण पुढे करून माल परत पाठवला गेला असता. आता बिलावर 'डी4' आणि दोन्ही सबवूफरचे अनुक्रमांक लिहून शिक्का मारलेला आहे. केबल किटचे पैसे परत मिळालेले नाहीत. किट तिथल्या काउंटरवर ठेवून आलो आहे.