सशाचं घडीचं जाळीचं कुंपण: उंबरठा सोडला तर बरं

पाचात साडेतीन तारे. दीड कुठे कापला ते खाली येईलच.

आमचा चुरमुरा तीन वर्षांचा, पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. लेकाने शिकायला परगावी जाताना माझ्या गळ्यात मारला. नारायण पेठेत तळमजल्यावरच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत माझं ब्लाउज शिवायचं मशीन आणि मशीनखाली हा. लहानपणापासून बसल्याबसल्या मान इकडून तिकडे डोलवायचा. पावसाळ्यात नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की शेजारच्या काकू म्हणायच्या, "बघा, कसा तालावर डुलतोय!" मीही येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने दाखवायचे. मग डॉक्टरांनी सांगितलं, ताल वगैरे काही नाही. लाल डोळ्यांच्या सशांच्या डोळ्यात रंगद्रव्य नसतं, उजेड आत विखुरतो, त्यांना मुळातच अंधूक दिसतं. मान हलवून ते समोरचं किती लांब आहे याचा अंदाज घेतात. ऐकून मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांकडे जायचं कारण वेगळंच होतं. दीड वर्षाचा असताना उजव्या डोळ्यात दह्याच्या कवडीसारखा पांढरा ठिपका दिसला. एका सूक्ष्म परजीवीमुळे भिंग फाटतं म्हणे, आणि तो बहुतेक वेळा आईच्या पोटातूनच येतो. 28 दिवस औषध, शिवाय डोळ्यात थेंब. डोळा राहिला, नजर गेली. डावाही पुढे मोतीबिंदूने अधू झाला. मशीनच्या पायट्याला रोज टकरा घ्यायला लागला, तेव्हा हे कुंपण ऑनलाइन मागवलं.

आठ पट्ट्या, प्रत्येक दोन फूट रुंद, अडीच फूट उंच, 2,650 रुपये. जोडायला दहा मिनिटं, वरून सळई सोडली की झालं. शिवण तपासावी तसा सगळ्या जाळीवरून हात फिरवला, एकही टोक बोचलं नाही. वेल्डिंग चांगलं आहे, फटीतून तोंड बाहेर जात नाही. पहिल्या दिवशी हा एका बाजूच्या मिशा जाळीला लावून कडेकडेने पाच-सहा फेऱ्या चालला. चौथ्या दिवशी झोपायच्या खोक्यापासून पाण्यापर्यंत मधूनच तिरका पळाला. जागा पाठ झाली होती! पाण्याचं भांडं मात्र जड, चिनी मातीचं ठेवा. हलकं सरकतं आणि त्याचा हिशोब चुकतो.

आता तक्रारी. सोबत येणारं प्लास्टिक चक्क फेकून द्या, त्यावर मागचे पाय फाकतात. मी घरची सतरंजी घातली, तर पठ्ठ्याने दशा ओढायला सुरुवात केली. सशाला उलटी करता येत नाही, गिळलेला दोरा पोटात अडकला तर जिवावर येतं. मग कडा दुमडून दुहेरी टीप मारली. पायांची रबरी टोपणं पंधरवड्यात निम्मी गळली. शहाबादी फरशीवर लोखंड वाजलं की आंधळा ससा मागचा पाय आपटत कोपरा धरतो. चांभाराकडून रबराचे तुकडे लावून घेतले, वीस रुपये.

खरा दोष दाराला आहे. दाराच्या खाली चार इंच जाळी तशीच राहते, उंबरठ्यासारखी. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पाठीमागचंसुद्धा. दिसत नाही ते नेमकं नाकासमोरचं आणि हनुवटीखालचं. म्हणजे डोळस ससासुद्धा लांबून बघून ठेवतो आणि अंदाजाने उडी मारतो. माझ्याने काय बघून ठेवायचं? तीन दिवस हनुवटी आपटून घेतली. शेवटी बोहरी आळीतून काथ्याची दोन पायपुसणी आणली, खाली रबर नसलेली, एक दाराच्या आत, एक बाहेर. पायाला खरखर लागली की आता थांबतो, नाकाने पट्टी चाचपतो, पुढचे पाय उचलतो आणि टुणकन पलीकडे. शिकायला आठ दिवस लागले.

जाहिरातीत "कुठेही सहज हलवा" असं मोठ्या कौतुकाने लिहिलंय. हलतं खरंच, एवढं हलकं आहे. एकदा कामाच्या मावशींनी फरशी पुसायला हातभर सरकवलं आणि तसंच राहिलं. हा नेहमीच्या वेगाने पाण्याकडे निघाला आणि थेट जाळीवर. सकाळी दहापासून गवताला तोंड लावेना. ससा अर्धा दिवस उपाशी राहिला तर ते थांबण्यासारखं नसतं, आतडी मंदावतात. संध्याकाळी रिक्षा बोलावली, टोपलीत टॉवेल घातला, आणि साहेबांनी माझ्या हातातली कोथिंबीर ओढली. रिक्षावाल्याला दहा रुपये देऊन परत पाठवलं. आता फरशीवर चारही कोपऱ्यांना निळी चिकटपट्टी लावलीय. मावशी पुसून झालं की पट्टीवर आणून ठेवतात आणि "चुरमुऱ्या, घर जागेवर आहे रे" असं सांगतात. हात घालण्याआधी हाक मारायची हे मात्र त्यांना मी सांगायच्या आधीच कळलं होतं.

उंबरठा नसलेली दाराची पट्टी वेगळी मिळेल का, असं विक्रेत्याला विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, सगळ्यांना असाच येतो. ससा शिकेल."

शिकला. पायपुसण्यांचे पैसे माझे गेले.